चीनविरोधी विधेयक आणि आपलाच प्रतिनिधी: फोंड्यातल्या एका युवा संसदेचं प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात दर वर्षी युवा संसद बसते. राज्यशास्त्र विभाग पुढे असतो, अर्थशास्त्राचे आम्ही लोक कुमक म्हणून. विषय मुलंच निवडतात. एरवी खाणी, कॅसिनो किंवा म्हादई यांपैकी एक ठरलेला असतो. गेल्या तुकडीला मात्र 'दिल्लीतलं' काहीतरी हवं होतं, आणि तिच्या डोक्यात ९ मे २०२५ घट्ट बसला होता. त्या दिवशी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कार्यकारी मंडळाने पाकिस्तानच्या चालू कर्जातला सुमारे एक अब्ज डॉलरचा हप्ता मोकळा केला आणि भारत तटस्थ राहिला. सीमेवर तोफा चालू असताना आपला माणूस सरळ 'नाही' का म्हणाला नाही, हा प्रश्न चतुर्थीची सुट्टी संपून वर्ग भरले तरी मुलं सोडत नव्हती.

अर्थमंत्र्याची भूमिका दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीकडे होती. (या लेखात मुलांना त्यांच्या संसदेतल्या पदानेच ओळखू.) ती अमेरिकेतली काही विधेयकं शोधून घेऊन आली. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या प्रतिनिधीगृहाने 'प्रोटेक्ट तैवान' नावाचं विधेयक मंजूर केलं होतं. चीनच्या कृतीने तैवानच्या सुरक्षेला धोका निर्माण झाला, तर चीनच्या प्रतिनिधींना जी-२०, बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स, फायनान्शियल स्टॅबिलिटी बोर्ड अशा मंडळांपासून दूर ठेवायचं, असं ते धोरण. तैवानला नाणेनिधीत जागा मिळावी म्हणून अमेरिकेने जोर लावावा, असं दुसरं विधेयक त्याच सुमारास मंजूर झालं. तिसरं नुसतं मांडलेलं होतं: नाणेनिधीच्या एसडीआर या हिशेबी चलनाची किंमत ज्या चलनांच्या टोपलीवरून ठरते, तीत चिनी युआनचं वजन वाढवायला अमेरिकेने विरोध करावा.

अमेरिका करते तर आपण का नाही, एवढ्यावर विषय ठरला. नाव भारदस्त होतं: 'आंतरराष्ट्रीय वित्तीय संस्था (प्रतिस्पर्धी राष्ट्र प्रभाव मर्यादा) विधेयक'.

अडचण

पहिल्या मसुद्याचं फुलस्केप माझ्याकडे अजून आहे. कलम ३ निळ्या शाईत, खाली दोन रेघा: "चीन व पाकिस्तान यांना लाभ होईल अशा प्रत्येक प्रस्तावाविरुद्ध भारताचे प्रतिनिधी मतदान करतील." समासात कुणीतरी 'इथे टाळ्या' असं लिहून ठेवलंय. पडल्याही असत्या.

राज्यशास्त्राच्या मॅडमनी कागद वाचून एकच विचारलं, "आपल्या मताचं वजन किती?"

फळ्यावर आकडे उतरले. नाणेनिधीत अमेरिकेची मतं साधारण १६.५ टक्के, जपान आणि चीन प्रत्येकी सहाच्या थोडे वर, भारत २.६. कोटा (प्रत्येक देशाने निधीत भरायचा वाटा, ज्यावर मुख्यतः मतं ठरतात) बदलणं, घटना दुरुस्त करणं असल्या मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात, म्हणजे तिथे अमेरिका एकटीच्या बळावर खोडा घालू शकते. बाकी कुणा एका देशाला ते जमत नाही. नेहमीची कर्जं साध्या बहुमतावर सुटतात, आणि प्रत्यक्षात हात वर करून मोजणी क्वचितच होते. अध्यक्ष मंडळाचा कल पाहून निर्णय नोंदवतात. आपल्या २.६ टक्क्यांनी कलम ३ राबवायचं म्हणजे दर वेळी हरणाऱ्या बाजूला नाव लिहून घ्यायचं.

पंतप्रधान झालेला मुलगा गप्प बसणारा नव्हता. "मग अमेरिकेला तरी जमतं ना, सर?"

अर्धंच. एसडीआरच्या टोपलीचं उदाहरण मुलांनीच उलगडलं. युआन त्या टोपलीत १ ऑक्टोबर २०१६ रोजी आला, १०.९२ टक्के वजनाने. २०२२ च्या आढाव्यात ते वजन १२.२८ झालं. वजन ठरतं ते निर्यात आणि चलनाचा जगातला वापर यांच्या सूत्रावरून, आणि मूल्यमापनाच्या पद्धतीला लागतात ७० टक्के मतं. सूत्राचं तत्त्वच बदलायचं असेल तरच ८५. म्हणजे ते तिसरं विधेयक उद्या कायदा झालं, तरी वॉशिंग्टनचा संचालक उभा राहून 'विरोध' म्हणेल आणि वजन सूत्राप्रमाणे वाढेलच.

इथे मुलांच्या लक्षात आलं की हे कायदे चीनला काहीच सांगत नाहीत, नाणेनिधीलाही नाही. ते सांगतात स्वतःच्याच अर्थखात्याला: तुझ्या माणसाने तिथे असं बोलावं, असं मत द्यावं. दावं बांधलं जातं ते आपल्याच प्रतिनिधीला. अमेरिकी काँग्रेसच्या हाती ते दावं आहे, कारण १९४५ च्या ब्रेटन वुड्स कायद्याप्रमाणे कोट्यातल्या बदलाला संमती द्यायची तर काँग्रेसची परवानगी लागते. आपल्याकडेही त्याच वर्षीचा नाणेनिधी आणि बँक कायदा आहे. पण तो मुख्यतः पैसे भरण्याची आणि त्या संस्थांच्या सवलतींची सोय लावतो. मत कसं द्यायचं हे सरकार ठरवतं, लोकसभा नव्हे.

मॅडमचा दुसरा प्रश्न जास्त बोचरा होता. नाणेनिधीत भारताच्या खुर्चीवर बसणारा संचालक एकट्या भारताचा नसतो. बांगलादेश, श्रीलंका आणि भूतान यांची मतंही तोच टाकतो, आणि ती फोडून देता येत नाहीत. श्रीलंकेला मार्च २०२३ मध्ये नाणेनिधीकडून सुमारे तीन अब्ज डॉलरचा कार्यक्रम मिळाला तेव्हा तिचा सर्वांत मोठा द्विपक्षीय धनको चीनच होता. कर्जाच्या फेररचनेच्या वाटाघाटीत चीनला सांभाळून घेण्यावाचून कोलंबोला गत्यंतर नव्हतं. अशा वेळी 'चीनला लाभ होईल असा प्रत्येक प्रस्ताव' म्हणजे नेमका कुठला? श्रीलंकेला मिळालेल्या पैशातून चीनचे हप्ते फिटले, तर तो चीनला लाभ धरायचा का?

कुणाकडे उत्तर नव्हतं. कलम ३ वर पहिली फुली तिथे पडली.

समोरचे पर्याय

फुली पडली म्हणजे मत बदललं असं नव्हे. चार गट पडले.

पहिल्या गटाला कलम ३ जसंच्या तसं हवं होतं. त्यांचा युक्तिवाद साधा होता: हरलो तरी चालेल, जगाला कळू दे. याला मी पोकळ म्हणणार नाही. अमेरिकेतही असं पुष्कळ चालतं. चीन हा विकसनशील देश नाही असं ठणकावणारं विधेयक मार्च २०२३ मध्ये प्रतिनिधीगृहात ४१५ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झालं आणि त्या काँग्रेसची मुदत संपेपर्यंत कायदा काही झालं नाही. तैवानवरच्या त्या दोन विधेयकांचंही तेच झालं. मतदारसंघात दाखवायला मात्र ती उपयोगी पडतात.

दुसऱ्या गटाचं म्हणणं, देशाचं नाव नको, निकष घाला. जो देश आपण दिलेल्या कर्जाच्या अटी उघड करत नाही किंवा इतर धनकोंबरोबर एका टेबलावर बसत नाही, त्याच्या प्रभावाबद्दल भारताने आक्षेप नोंदवावा. श्रीलंकेच्या वेळी भारत, जपान आणि फ्रान्स एका धनको समितीचे सहअध्यक्ष होते आणि चीन वेगळा बोलत होता, हा त्यांचा पुरावा.

तिसरा गट लहान होता. त्याला मतदानावर बंधनच नको होतं. अर्थमंत्र्याने दर वर्षी दोन्ही सभागृहांपुढे निवेदन ठेवावं: कोणत्या संस्थेत, कोणत्या प्रस्तावावर, भारताने काय केलं आणि का. चौथ्याला या संस्थांचाच नाद सोडून ब्रिक्स (भारत, चीन, रशिया आदी देशांचा गट) आणि आशियाई पायाभूत बँकेत जोर लावायचा होता. तो गट एका दुपारीच आटोपला. २०१० मध्ये ठरलेला नाणेनिधीचा सुधारित कोटा अमेरिकी काँग्रेसने डिसेंबर २०१५ पर्यंत अडवून धरला आणि जानेवारी २०१६ मध्ये बीजिंगला ही नवी बँक ५७ संस्थापक सदस्यांनिशी उघडली. तिथे चीनची मतं २६ टक्क्यांच्या वर आहेत आणि मोठ्या निर्णयांना ७५ टक्के लागतात. नाणेनिधीत अमेरिकेला जो खोडा घालता येतो तोच इथे चीनला. भारत दुसऱ्या क्रमांकावर असला तरी साडेसात टक्क्यांच्या आसपास. चीनचा प्रभाव नको म्हणून बीजिंगच्या बँकेत जायचं, यावर वर्ग हसला आणि विषय मिटला.

खरी कलाटणी विरोधी पक्षनेत्याने दिली. हा मुलगा सासष्टीकडचा, घरी मराठी, शेजारीपाजारी कोंकणी. २०१६ च्या ऑक्टोबरात बाणावलीला ब्रिक्सची शिखर परिषद भरली तेव्हा तो प्राथमिक शाळेत होता. मामाच्या टॅक्सीला तो रस्ता बंद होता, एवढंच त्याला आठवत होतं. त्याने परिषदेचं 'गोवा घोषणापत्र' काढून वाचलं. त्यात भारताने चीनच्या बरोबरीने नाणेनिधीच्या कोट्याची पंधरावी फेररचना वेळेत व्हावी अशी मागणी केलेली. आणि दोनच आठवड्यांपूर्वी टोपलीत आलेल्या युआनचं चक्क स्वागत.

"मॅडम, आपल्याच गावात सही केली आहे," तो म्हणाला. "आता हे विधेयक म्हणजे हात दाखवून अवलक्षण."

पुढचा हिशेब त्याने पूर्ण मांडला नाही, पण तो महत्त्वाचा आहे. नाणेनिधीचा कोटा अर्थव्यवस्थेच्या आजच्या आकारावर बेतला तर चीनचा वाटा वाढेल, हे खरं. त्याच सूत्राने भारताचाही वाढेल. पंधरावी फेररचना २०२० मध्ये कोटा न वाढवताच गुंडाळली गेली. सोळावीत, डिसेंबर २०२३ मध्ये, सगळ्यांचा कोटा सरसकट ५० टक्क्यांनी वाढवायचं ठरलं, म्हणजे वाटे जिथल्या तिथे. त्यामुळे कोट्यातल्या वाट्यात चीन ६.४ टक्क्यांवर थांबला, आणि भारत २.७५ वर. चीनला रोखणारं दार आपल्यालाही रोखतं, असं हे एक दुर्मीळ प्रकरण. गंमत अशी की १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला भारतीय शिष्टमंडळ, ज्यात आपले चिंतामणराव देशमुखही होते, याच तक्रारीवर अडलं होतं: चीनला ५५ कोटी डॉलरचा कोटा आणि भारताला ४० कोटीच का?

जुनी दोन प्रकरणं, ज्यांनी मसुदा बदलला

इथे आम्ही शिक्षकांनी थोडी ढवळाढवळ केली. पर्यायांवर मत घेण्याआधी दोन घटना वाचून या, असं सांगितलं.

एक, १९९८. मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अमेरिकेची ग्लेन दुरुस्ती लागू झाली. अणुचाचणी करणाऱ्या देशाला वित्तसंस्थांची कर्जं देण्यास अमेरिकेने विरोध करावा, असं तिच्यात स्पष्ट होतं. जागतिक बँकेने भारताची सुमारे ८६ कोटी ५० लाख डॉलरची कर्जं लांबणीवर टाकली. दिल्लीने अनिवासी भारतीयांकडे रिसर्जंट इंडिया बाँड विकून चार अब्ज डॉलरहून जास्त उभे केले, म्हणजे दबाव हवा तिथे बसला नाही. पण मुलांना मी दाखवलं ते पुढचं. त्या दुरुस्तीत अध्यक्षाला सूट देण्याचा अधिकारच नव्हता. आधी अमेरिकेच्याच गहू पिकवणाऱ्यांचा धंदा बुडेल म्हणून जुलैत घाईने एक अपवाद करावा लागला, मग शरदात अध्यक्षाला वर्षभरापुरती सूट देण्याचा अधिकार देणारा वेगळा कायदा. निर्बंध पूर्ण उठायला सप्टेंबर २००१ उजाडलं.

दोन, १९८९. सरदार सरोवराला जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले होते. त्याविरुद्ध मेधा पाटकर ऑक्टोबर १९८९ मध्ये वॉशिंग्टनला अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देऊन आल्या. त्याच वर्षअखेरीस काँग्रेसने एक दुरुस्ती केली, जिला नॅन्सी पेलोसींचं नाव आहे. पर्यावरणावरचा परिणाम सांगणारा अहवाल मतदानाच्या १२० दिवस आधी हाती नसेल, तर मोठा परिणाम घडवणाऱ्या प्रकल्पाला अमेरिकेच्या संचालकाने पाठिंबा देऊ नये. या तरतुदीने कुठल्याही देशाचं नाव घेतलं नाही, अमुक कर्ज नाकारा असंही म्हटलं नाही. तिने कागद मागितला. तो मागितल्यामुळे बँकांना तसे अहवाल तयार करून उघड करावे लागले, आणि ते सगळ्यांनाच वाचायला मिळाले.

माझं मत विचाराल तर या दोन घटना शेजारी ठेवल्या की तिसऱ्या, लहान गटाचं पारडं आपोआप जड होतं. वर्गात मी तसं म्हटलं नाही. म्हणण्याची गरज पडली नाही.

काय केलं

अंतिम मसुद्यात देशांची नावं गेली. कर्जाच्या अटी उघड न करणाऱ्या धनको देशाबद्दल भारताच्या प्रतिनिधीने आक्षेप नोंदवावा, एवढा निकष राहिला. तोही 'नोंदवावा' इतकाच, 'विरोधात मत द्यावं' असा नव्हे. मंत्रिमंडळाला लेखी कारण देऊन सूट घेता येईल. आणि दर वर्षी अर्थमंत्र्याचं निवेदन.

सूट ठेवण्यावरून बराच कीस पडला. पंतप्रधानाचं म्हणणं, सूट ठेवली की सरकार दर वेळी तीच वापरणार, मग कायदा कशाला? अर्थमंत्र्याने श्रीलंकेचं उदाहरण पुढे केलं आणि ग्लेन दुरुस्तीचं. शेवटी सूट राहिली, पण कारण निवेदनात छापलं जाईल या अटीवर. मला ही तडजोड चांगली वाटली. सरकारला हात हलवायला जागा राहिली आणि झाकायला राहिली नाही.

विरोधी पक्षाला भाषणासाठी २००९ सालची आशियाई विकास बँकेची घटना दिली. भारतासाठीच्या २.९ अब्ज डॉलरच्या आराखड्यात अरुणाचलातल्या सहा कोटी डॉलरच्या कामाचा उल्लेख होता म्हणून चीनने तो अडवला. चीनचा त्या बँकेत वाटा ६.४ टक्के, भारताचा ६.३, जपान आणि अमेरिका प्रत्येकी १५.६. म्हणजे मतांच्या जोरावर चीन अडवूच शकत नव्हता. तरी सर्वसंमतीच्या रिवाजामुळे प्रकरण लांबलं आणि जूनमध्ये कुठे मंडळाने आक्षेप बाजूला सारून आराखडा पुढे नेला. विरोधी पक्षनेत्याने याचा उपयोग छान केला: प्रभाव मतांत नसून मंडळाबाहेरच्या बोलणीत असेल, तर तुमचं निवेदन तो पकडणार कसा?

निष्पत्ती

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतल्या जाहीर प्रयोगात विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं. त्यात नवल नाही, सत्ताधारी बाकांवरच मुलं जास्त होती.

परीक्षकांपैकी एक निवृत्त बँक अधिकारी होते. त्यांनी अर्थमंत्र्याला अडवलंच: "आक्षेप नोंदवला आणि ढाक्याला तो मान्य नसेल तर?" तिने सांगितलं की आक्षेप भारत सरकारचा म्हणून वेगळ्या लेखी टिपणात जाईल, चौघांचं मत आधी बोलणी करून ठरेल. उत्तर कच्चं होतं, पण सुचलं तिचं तिला. दुसऱ्या परीक्षकांना सादरीकरण 'थंड' वाटलं. स्पर्धेत पहिला क्रमांक दुसऱ्या महाविद्यालयाकडे गेला, म्हादईवरच्या ठरावाला. आमच्याकडे सगळ्यात मोठ्या टाळ्या मिळाल्या त्या विरोधी पक्षनेत्याला, गोवा घोषणापत्रातला परिच्छेद वाचल्यावर.

वेगळं काय करता आलं असतं

पाकिस्तान आणि चीन एका विधेयकात यायलाच नको होते. पाकिस्तान हा कर्ज घेणारा. त्याच्याबाबत प्रश्न हप्त्याचा आणि अटींचा. चीन हा कर्ज देणारा आणि भागधारक. त्याच्याबाबत प्रश्न वाट्याचा आणि नियमांचा. दोघांना एकच औषध द्यायच्या नादात निकषाचं कलम शेवटपर्यंत ढिलं राहिलं. मे महिन्यातला राग हे विधेयकाचं इंधन होतं आणि अंतिम मसुद्यात त्या रागावर एक ओळही नव्हती, हे पहिल्या गटाने बोलून दाखवलं. त्यांचं चुकलं नाही.

मतांचा तक्ता मसुद्याच्या आधी फळ्यावर यायला हवा होता. विरोधी बाकांना मसुदा उशिरा मिळाला. घोषणापत्राचा शोध पहिल्याच बैठकीत लागला असता, तर कलम ३ वर खर्च झालेला वेळ श्रीलंकेच्या प्रश्नावर लावता आला असता, आणि परीक्षकांना दिलेलं उत्तर इतकं कच्चं राहिलं नसतं.

आणि मुदतीचं कलम. पाच वर्षांनी कायदा आपोआप संपेल, चालू ठेवायचा तर संसदेने नव्याने ठरवावं, असं कुणीच सुचवलं नाही, ग्लेन दुरुस्तीची तीन वर्षं वाचूनसुद्धा. मुलं म्हणतात वेळ कमी पडला. पंतप्रधान मात्र अजूनही म्हणतो की मुदत घातली असती तर विधेयक आणखीच थंड झालं असतं.